नाक चार बोटं वर

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. मोटार नव्हे हं, नुसतं इंजिन! मोटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चाकं येतील, भोंगा येईल, मऊ गाद्या येतील. त्यातलं माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही. जव्हारच्या बाजारपेठेमागे लतीफ मिस्त्रींच्या घराच्या पडवीत, दोन ओंडक्यांवर मला बसवून ठेवलं आहे. अंगावर गोणपाट टाकलं आहे. एक कोंबडी रोज सकाळी त्या गोणपाटावर अंडं घालते आणि जगात पहिलंच अंडं असल्यासारखी कोकलत सुटते. तिच्याखेरीज माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. म्हणून म्हटलं, तुम्ही आला आहात तर चार गोष्टी सांगून टाकाव्यात.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. मला कुणी ओतलं, कुणी घासलं, ते आठवत नाही. आणि त्यांनाही मी आठवत नसणार. जहाजातून आलो, मग आगगाडीच्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून आलो, आणि मग एका उघड्या मोटारीत बसून डोंगर चढत जव्हार संस्थानात आलो. तेव्हा मोठी लढाई नुकतीच संपली होती. गावातल्या एका मानकऱ्यांनी हौसेनं ती मोटार मागवली होती. वेशीवर नारळ फुटला, तोही माझ्याच टाळक्यावर!

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. माझ्या आत चार दट्टे आहेत. ते वरखाली झाले की मोटार चालते. प्रत्येक दट्ट्याच्या दांडीला खाली एक छोटी पळी असते, देवघरातल्या पळीएवढीच. तिच्याखाली तेलाची वाटी. पळी वाटीत बुडते, तेल उडवते, ते सांध्यांवर पडतं आणि खाली निथळून पुन्हा वाट्यांत येतं. माझ्या पोटाला मागच्या बाजूला एक पितळी तोटी आहे. ती उघडायची. थेंब पडला तर तेल पुरेसं आहे, नाही पडला तर भरायचं. आणि पुढच्या बाजूला एक बूच आहे. ते काढलं की जुनं, काळं तेल वाहून जातं. झालं! एवढंच माझं जेवणखाण.

मोटार चालवायला आणि सांभाळायला लतीफ मिस्त्री आले. त्यांच्या घराण्याचा धंदा कल्हईचा. वडिलांच्या दुकानात ते अगदी लहानपणापासून तांब्यापितळेची भांडी ठोकत बसायचे. पुढे नाशकाला जाऊन मोटारीचं काम शिकले. पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती. कल्हईच्या भात्याची एक मोडकी शिसवी दांडी त्यांनी जपून ठेवली होती. रोज सकाळी हँडल मारून मला सुरू केलं की दांडीचं एक टोक ते माझ्या अंगाला लावत आणि दुसरं आपल्या कानाला. मग डोळे मिटून म्हणत, "बोल रे."

मी बोलायचो. कुठे घासतंय, कुठे सैल झालंय, सगळं सांगायचो. आणि त्यांना ते कळायचं, मित्रांनो! एवढ्या मोठ्या मुलखात माझी भाषा समजणारा एकच माणूस होता. मोटारीत बसणारे भोंग्याचं कौतुक करत, रंगाचं कौतुक करत. झाकणाखालच्या माझ्याकडे कोण बघतो? पण मला त्याचं दुःख नव्हतं. रोजचं ते "बोल रे" मला पुरेसं होतं.

तीन वर्षं बरी गेली. मग एका पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी खचली आणि मोटार तिरकी होऊन खाली गेली. माणसं वाचली. मोटारीचा सांगाडा मात्र वाकला तो वाकलाच. मला तिच्यातून उपसून काढलं आणि एका गवताच्या खोपटात टाकलं. तिथे मी सहा महिने पडून होतो. कधी उंदीर यायचा, कधी नुसता वारा. एकटेपणा म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आपण बिघडलेलो नाही, आपल्याला सगळं येतं, आणि तरी कुणाला आपलं काम नाही. याहून वाईट काही नसतं.

मग मानकऱ्यांनी दुसरी मोटार घेतली. ती लांब नाकाची, दिमाखदार, पण जुनी. तिचं इंजिन पहिल्याच उन्हाळ्यात तडकलं. तेव्हा मिस्त्रींना माझी आठवण झाली. मी एवढा हरखलो, एवढा हरखलो म्हणून सांगू! पण दुसऱ्याच्या घरात आपलं आसन नीट बसेलच असं थोडंच असतं? त्या मोटारीच्या सांगाड्यात पुढे एक जाड लोखंडी आडवी पट्टी होती. माझं पोट तिला अडायचं. पट्टी कापावी तर सांगाडा लुळा पडणार. मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला आणि माझ्या पुढच्या बाजूखाली लाकडी ठोकळे घालून मला चार बोटं वर उचललं. माझं नाक वर आणि पाठ खाली, असा मी तिथे बसलो.

मोटारीवर क्लीनर म्हणून फागू होता. जामसरचा तिशीतला गडी, भातशेती करणारा. शेतीचं काम नसलं की तो जव्हारला मोटारीवर येई. तो डोकं खाजवत माझ्याकडे बघत राहिला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "याचा नाक वर केलास. मग वरच्या खाचरात पाणी ठरल का? सगळा खालच्यात जाल ना?"

मिस्त्री हसले. "अरे येड्या, हे इंजिन आहे, तुझं भाताचं खाचर नाही! तोटीतून थेंब पडतोय ना? थेंब पडला, पोट भरलं."

तोटी उघडली. थेंब पडला. फागू चाकं पुसायला गेला. चूक झाली ती इथे, मित्रांनो. नियम जुनाच ठेवला आणि बैठक मात्र बदलली. तोटी मागे होती आणि आता सगळं तेल मागेच साचत होतं. मग थेंब पडणार नाही तर काय होईल? चौथ्या दट्ट्याची पळी तेलात आंघोळ करत होती. पहिल्याची पळी कोरड्या वाटीत नुसती फिरत होती. जुनं तेल काढायचं बूच पुढे, म्हणजे उंचावर गेलं होतं. ते काढलं तरी मागचा काळा गाळ हलायचा नाही. त्यावरच नवं तेल पडायचं. वरून मागच्या सांध्यातून तेल गळू लागलं. मोटार जिथे उभी राही तिथे काळे ठिपके पडत. बाजारातले लोक म्हणत, "बघा बघा, मानकऱ्यांची मोटार! नाक वर करून चालते आणि मागून गळते!"

नाक वर म्हणे! नाक वर म्हणजे घमेंड, असंच जग समजतं. माझ्या नाकाखालचा सांधा तहानेनं तडफडत होता, ते कुणाला दिसणार?

मी ओरडायला लागलो. माझी ओरड म्हणजे ठक, ठक, ठक. आधी बारीक, मग मोठी. मला काळजी नव्हती. सकाळी मिस्त्री येतील, दांडी लावतील, त्यांना कळेल. आणि ते आलेही. दांडी लावली. "बोल रे," म्हणाले. मी जीव तोडून बोललो. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग फागूला म्हणाले, "खणखणीत आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. कपाळाला घाम आला होता. दांडी ते कानात रुतेल एवढी दाबत होते. एकदा या कानाला, एकदा त्या कानाला. तेव्हा मला समजलं. मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. लहानपणापासून तांबं ठोकून ठोकून त्यांचे कान हळूहळू गेले होते. ते आता ऐकण्याचं नुसतं सोंग करत होते.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बहिऱ्याच्या हातात मोटार कोण देईल? घरी खैरुनभाभींनाही सांगितली नव्हती. डबा घेऊन त्या मोटारखान्यात येत, काहीबाही सांगत आणि हे उत्तर देत नसत. एकदा भाभी चिडून म्हणाल्या, "लोखंडाशी बोलता तुम्ही, बायकोशी नाही! एवढं नाक वर कशाला?" मिस्त्रींनी तेही ऐकलं नाही. मी ऐकलं. आणि मला काही बोलता येईना. त्या खोपटातसुद्धा मी एवढा एकटा नव्हतो. तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. इथे ऐकणारा समोर उभा होता आणि त्याला ऐकू जात नव्हतं.

फागूचे कान मात्र शाबूत होते. "मिस्त्री, पहिला ठोकतंय," तो सांगायचा. मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघायचे, अर्धं समजायचे आणि खेकसायचे, "तू मला शिकवणार? गप चाकं पूस!" माणूस घाबरला की असाच ओरडतो.

मग तो दिवस आला. मानकरी आदल्या दिवशी घोड्यावरून मोखाड्याला गेले होते. बरोबर मुंबईचे एक पाहुणे होते. बाजाराच्या दिवशी पाहुण्यांना मोटारीतून परत आणायचं होतं. याआधी मोटार दोनदा वाटेत बंद पडली होती. जाताना मानकऱ्यांनी मिस्त्रींना बजावलं, अगदी सावकाश, म्हणून ते मिस्त्रींना कळलंही. "दुपारी बाराच्या आत मोटार मोखाड्यात पाहिजे. पुन्हा बंद पडली तर मी मुंबईहून दुसरा ड्रायव्हर आणतो. आणि हे इंजिन भंगारात!"

दिवस उजाडताच आम्ही निघालो. मोटारीत दोघंच, मिस्त्री आणि फागू. सपाटीवर मी कसाबसा धकलो. पण मोखाड्याकडचे चढ सुरू झाले आणि माझं आधीच वर असलेलं नाक आणखी वर गेलं. उरलंसुरलं तेलही मागे धावलं. पहिला सांधा तापून लाल झाला, त्यात ओतलेला मऊ पांढरा धातू वितळायला लागला. मी बोंब ठोकली! रानातली पाखरं उडाली, पण मिस्त्री समोर बघत शांतपणे मोटार चालवत होते. शेवटी फागूनं उडी मारली, मागच्या चाकाखाली धोंडा घातला आणि मिस्त्रींचा हात धरला.

"बंद कर! मरल तो! तुला ऐकू नाय येत का रं?"

मिस्त्रींनी मला बंद केलं. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाही येत, फागू," ते म्हणाले. "दोन वर्षं कमी कमी होत गेलं. आता काहीच ऐकू येत नाही."

मिस्त्री रडत होते आणि फागू त्यांच्याजवळ दगडावर बसून होता. मग फागूनं ती शिसवी दांडी उचलली. स्वतःच्या दातांवर बोट ठोकून, खुणा करत, मोठमोठ्यानं तो सांगू लागला.

"आमच्या पाड्यात माघ्या म्हातारा हाय. ठार बहिरा. पण तारपा वाजला का तो काठीचा एक टोक तारप्याच्या भोपळ्याला लावतं, दुसरा दातात धरतं. आन् ताल देतं! दातात धर, मिस्त्री. दातात!"

हँडल मारून त्यानं मला सुरू केलं. मिस्त्रींनी दांडी माझ्या पहिल्या दट्ट्यापाशी टेकवली आणि दुसरं टोक दातांत घट्ट धरलं.

मित्रांनो, त्या माणसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. डोळे एकदम विस्फारले. दांडी तोंडात असल्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते, पण मला कळले. ते म्हणत होते, "बोल रे, बोल."

आणि मी बोललो. ठक, ठक, ठक. दोन वर्षांचं सगळं बोललो. त्यांनी चौथ्यापाशी दांडी लावली, तिसऱ्यापाशी, दुसऱ्यापाशी, आणि पुन्हा पहिल्यापाशी आले. मग मला बंद करून त्यांनी तोटी उघडली. थेंब पडला! पण या वेळी त्यांनी थेंबावर विश्वास ठेवला नाही. माझ्या कुशीचं झाकण उघडून आत बघितलं. मागची वाटी तुडुंब, पुढची कोरडी ठणठणीत.

"वरचा खाचर सुका," फागू म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा मुळीच नव्हता.

मिस्त्रींनी ओठ वाचले आणि मान हलवली. "तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. मी ऐकलं नाही. तेव्हा थोडं ऐकू येत होतं रे, तरी ऐकलं नाही."

वितळलेल्या धातूच्या जागी त्यांनी आपल्या कमरेच्या चामडी पट्ट्याचा तुकडा तेलात भिजवून बसवला. पण चढ अजून बाकी होता आणि सूर्य वर येत होता. नाक वर करून चढलो तर चामडंही जळणार. मिस्त्री चढाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि एकदम उठले. त्यांनी मोटार तिथल्या तिथे वळवली. तोंड जव्हारकडे, पाठ मोखाड्याकडे. आणि उलटा गिअर टाकला!

आलं ना लक्षात? उलटं चढताना माझं नाक खाली झालं. दोन वर्षांनी तेल पुढे आलं. पहिल्या पळीनं तेलात बुडी मारली आणि मला रडू फुटायचंच काय ते राहिलं. फागू डोक्याचं फडकं हलवत रस्त्यातून पुढे चालला होता. मिस्त्री मान वळवून त्याच्याकडे बघत मोटार उलटी चढवत होते.

बाराला थोडा वेळ असताना आम्ही मोखाड्याच्या बाजारात शिरलो, पाठ पुढे करून! नाचणीच्या, सुकटीच्या, मडक्यांच्या दुकानांमधून आरडाओरडा सुरू झाला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "सासरी जायचा नसल, म्हणून पाठ फिरवलीय तिनं!" मिस्त्री खाली उतरले, माझं झाकण उघडलं आणि दांडी दातांत धरून मला ऐकू लागले. बाजाराचं त्यांना भानच नव्हतं.

मागून मानकऱ्यांनी हाक मारली. "लतीफ!" मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, अशी की बैलसुद्धा दचकले. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं नाही. मी थरथरत होतो, त्यांना सांगत होतो की मागे बघा, मागे बघा! पण ती भाषा मला कुठून येणार? शेवटी फागूनं त्यांच्या खांद्याला हात लावला. तोवर सगळ्यांना सगळं समजलं होतं.

मानकऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहिऱ्या माणसाच्या हाती घाटातली मोटार देणं बरं नव्हे. त्यांनी मिस्त्रींना शब्दानंही दुखवलं नाही. पण नोकरी गेली ती गेलीच. इंजिन राहिलं.

जायच्या आधी मिस्त्रींनी आठ दिवस मागून घेतले. माझं पोट उतरवलं. आतून बोटभर जाडीचा काळा गाळ निघाला. फागू शेजारी बसून सांगायचा आणि मिस्त्री करायचे. दोन वाट्यांच्या मध्ये पितळी पत्र्याचा एकेक बांध, असे तीन बांध त्यांनी घराण्याच्या कल्हईनं जोडले. "बांधाला खाच ठेव," फागू म्हणाला, "जास्तीचा पाणी खालच्याला जायला पायजे." ती खाचही ठेवली. गाळ काढायचं बूच सगळ्यात मागे, सखल जागी नेलं. तोटी पुढे आणली. सांध्यात नवा धातू ओतला. मग शेवटचं दातांनी ऐकलं. मी मऊ, एकसारखा गुणगुणत होतो. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. दांडीही घेऊन गेले.

त्यानंतर बारा वर्षं मी एकदाही बंद पडलो नाही. नवा ड्रायव्हर चांगला होता, पण त्यानं मला कधी ऐकलं नाही. नीट चालणाऱ्याला कोण विचारतो, "बोल रे"? माझी सगळी कामं झाली, सगळं तेल मिळालं, आणि मी फार एकटा होतो.

मोटार मोडीत निघाली तेव्हा फागूनं मला बैलगाडीत घालून मिस्त्रींच्या दारी आणलं. मला वाटलं, आता रोज गप्पा! कसलं काय! दांडीचं दुसरं टोक आता खैरुनभाभींच्या हनुवटीला टेकलेलं असे. संध्याकाळी दोघं पडवीत बसत. हे दांडी दातात धरत आणि भाभी दिवसभरातलं सगळं सांगत, अगदी कोंबडीच्या भानगडीसुद्धा. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनात म्हटलं. खरं सांगतो, मला राग आला. मग शरम वाटली. ती बिचारी माझ्याआधीची होती. बोलून बोलून थकलेली होती.

मिस्त्रींना जाऊन आता दोन वर्षं झाली. दांडी माझ्याच अंगावर टेकवून ठेवलेली आहे. तिच्या एका टोकाला त्यांच्या दातांचे व्रण आहेत. पेट्रोल कुठलं आणि मला सुरू कोण करणार? मी गप्प आहे.

गेल्या बाजारी फागू आला होता. तोही म्हातारा झाला आहे. भाभींनी गोणपाट काढलं, दांडी उचलली, त्या व्रणांवरून बोट फिरवलं. मग टोक दातात धरलं आणि दुसरं टोक माझ्या पहिल्या दट्ट्यापाशी ठेवलं. आयुष्यात त्यांनी मला प्रथमच हात लावला. मी थंड लोखंड. काय बोलणार होतो मी?

फागूला ते बघवेना. त्यानं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि अर्धा फेरा दिला. माझे दट्टे हलले. आणि पहिली पळी खाली गेली ती तेलात बुडाली, मित्रांनो! मिस्त्रींच्या बांधाआडचं तेल अजून तिथेच होतं.

"चुळुक झालं आत," भाभी दांडी काढून म्हणाल्या. "पाणी आहे का?"

"तेल हाय, भाभी," फागू म्हणाला. "मिस्त्रीचा बांध फुटला नाय."

भाभींनी डोळे पुसले, दांडी पुन्हा दातात धरली आणि हातानं खूण केली, आणखी एकदा.

बालमित्रांनो, मला तुमच्याकडे तेल मागायचं नाही. एवढंच सांगायचं आहे की कुणाला त्याच्या जागेवरून उचलून दुसरीकडे बसवलंत, तर जुन्या तोटीच्या थेंबावर विसंबू नका. एकदा आत डोकावून बघा. आणि कुणाचं नाक वर दिसलं की लगेच हसू नका. त्याच्या पुढच्या वाटीत तेल आहे का, ते आधी विचारा. कानानं कळलं नाही, तर दातांनी ऐका.